भुंगा पायाशी, बाई समोर

“या गाडीत रेडिओ कधीच नव्हता,” डॅशबोर्डखालून बाहेर सरकत मी म्हणालो.

सुलभाताई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“नव्हता म्हणता? मंग मी कापसाचे भाव सपनात ऐकले काय?”

शेजारी त्यांचे धाकटे भाऊ विनायकराव उभे होते. ते आदल्या दिवशी पुण्याहून आले होते. “पाहिलंस ताई? हे यातले एक्सपर्ट आहेत. ते सांगतायत.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे मान हलवणं मला पुढे फार जड गेलं. म्हणून हा प्रसंग नीट सांगतो आहे. अमरावती-अकोल्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींत तो वेगळ्याच पद्धतीने सांगितला जातो, आणि त्यात माझं नाव नको तितकं मोठं झालं आहे.

मी अकोल्याचा. आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. निवृत्तीनंतर जुन्या गाड्या हाती घेतो. हल्ली हौशी लोक गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी करून मागतात. रंग, दिवे, हॉर्न, सगळं त्या काळचं. रेडिओही. त्याला सगळे ‘पीरियड करेक्ट’ म्हणतात. चुकीच्या काळाचा रेडिओ बसवला की जुन्या गाड्यांच्या रॅलीत मार्क कापले जातात.

सुलभाताईंची गाडी धामणगाव रेल्वे या गावी, त्यांच्या घराच्या शेडमध्ये होती. साठच्या दशकातली अँबॅसडर, स्टिअरिंगजवळ गिअर, पुढे एकच सलग सीट. त्यांच्या वडिलांची, बापूसाहेबांची. त्यांचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. ताई गावातच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही.

गाडी तपासायच्या आधी विनायकरावांनी मला बाजूला घेतलं होतं.

“काका, स्पष्ट सांगतो. ताईचा घोळ व्हायला लागलाय. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून देवळात गेली. माझ्या मुलाला माझ्या नावाने हाक मारते. दिवाळीनंतर तिला पुण्याला नेतोय. घर विकायचं, गाडीलाही गिऱ्हाईक आहे. या रेडिओचंच बघा ना. रोज सांगते, गाडीत रेडिओ होता. मला तर आठवत नाही. तुम्ही एकदा तपासून सांगा म्हणजे विषय संपेल.”

मी तपासलं. त्या गाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये रेडिओसाठी जागा सोडलेली असे. ज्याने रेडिओ घेतला नाही त्याच्या गाडीत तिथे पत्र्याची झाकणपट्टी असायची. ही पट्टी कधी हललेलीच नव्हती. स्क्रूवरचा रंगही फुटला नव्हता. बाहेर एरियलचं भोक नव्हतं, टपावर नाही, बॉनेटच्या बाजूला नाही. एरियलशिवाय गाडीतला रेडिओ चालत नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

विनायकरावांच्या दृष्टीनेही मिटला. पण त्यांचा प्रश्न रेडिओचा नव्हताच. ताईंच्या सांगण्यावर यापुढे विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. माझ्या एका मानेच्या हालचालीने ते ठरलं. त्यांनी तिथल्या तिथे गाडीची किल्ली ताईंच्या मांडीवरून उचलून खिशात टाकली. शाळेत पोरांना गप्प करणारी बाई गप्प बसलेली मी पाहिली.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला गाडी रेडिओसकट हवी होती. मग त्या सालात शोभेल असा डॅशबोर्डचा रेडिओ शोधायचं काम माझ्याकडे आलं. अमरावतीला सलीमभाईंचं जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे जायचं ठरलं तर ताई म्हणाल्या, “मी येते.”

“ताई, तुमी कायले त्रास घेता?” मी म्हणालो.

“गाडी माह्या बापाची हाये. रेडिओ तरी पाहू द्या. विकून मोकळे झाल्यावर काय पाहू, तुमचं बिल?”

गेलो. वाटेत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. तुरीची शेतं पिवळी झाली होती. मध्येच त्या म्हणाल्या, “भाऊ, माणसाले आपल्याच ध्यानातल्या गोष्टीची लाज वाटाले लागली, तर त्यानं बोलावं काय?” मी म्हणालो, वयोमानाने होतं. याच्याइतकं निरुपयोगी वाक्य मी क्वचितच बोललो असेन.

सलीमभाईंनी मला पाहताच हात वर केले. “आओ वायरिंग बादशाह! या, या बहेनजी, बसा. हे आमाले लुटाले येतात आन् वरून चहा पिऊन जातात.”

“चहा तुझा पाण्यासारखा असते,” मी म्हणालो.

“पानी तरी फुकट हाये न!”

त्यांनी टेबलावर बॅटरी मांडली आणि एकेक सेट जोडायला घेतला. पहिला ट्रान्झिस्टरचा होता. बटण फिरवलं आणि लगेच खरखर सुरू झाली.

ताईंनी मान हलवली. “हा नाही.”

मी हसून म्हणालो, “ताई, हा तसाही नाही चालत. नंतरच्या काळातला आहे.”

“काळ मले नाही समजत. आमचा असा लगेच नव्हता बोलत. आधी भुंगा गुणगुणायचा. मंग जरा दम खायचा. मंग बाई बोलायची.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

का, ते सांगतो. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत काचेच्या नळ्या असत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. व्हॉल्व्हला जास्त दाबाचा करंट लागतो. गाडीची बॅटरी तेवढा देऊ शकत नाही. म्हणून गाडीच्या रेडिओत व्हायब्रेटर नावाचा भाग बसवत. त्यात एक बारीक पट्टी सतत थरथरते, आणि त्या थरथरीच्या जोरावर बॅटरीच्या करंटचा दाब वाढवून घेतात. तिचा आवाज हुबेहूब भुंग्यासारखा येतो. नळ्या तापेपर्यंत नुसता भुंगाच ऐकू येतो, मग माणसाचा आवाज. हे आज कुणाला माहीत नाही. घरातल्या विजेवरच्या रेडिओत भुंगा नसतो. ही गोष्ट स्वप्नात पडत नाही, कुणाकडून ऐकूनही कळत नाही. गाडीत बसूनच कळते.

“सलीमभाई, व्हॉल्व्हवाला लावा,” मी म्हणालो.

त्यांनी डॅशबोर्डमध्ये बसणारा एक जड सेट जोडला. मी आणायला आलो होतो तो हाच. बटण फिरवलं. पेटीतून गुणगुण सुरू झाली.

ताई खुर्चीत सरळ झाल्या. “हा! हाच भुंगा.” मग आवाज आला तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पन दोघं एकाच जागी काहून?”

“म्हंजे?” सलीमभाई म्हणाले.

“आमचा भुंगा पायाशी राहायचा. तळव्याले गुदगुल्या व्हायच्या. मी चप्पल काढून बसायची मुद्दाम. आन् बाई बोलायची तोंडासमोरून.”

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. काही रेडिओ दोन पेट्यांचे येत. बटणांची छोटी पेटी समोर, आणि व्हायब्रेटरची जड पेटी वेगळी, कुठे तरी जमिनीलगत. आमच्याकडे ते फार कमी आले. मी सगळ्या नोकरीधंद्यात मोजकेच हाताळले होते.

“ताई, तुम्ही बसायच्या कुठे?” मी विचारलं. हा प्रश्न मी शेडमध्येच विचारायला हवा होता.

“मांगच्या सीटवर, बापूंच्या बाजूले. आनखी कुठी? समोर डायवर बसे. बापूंनी जिंदगीत कधी स्टिअरिंगले हात नाही लावला. गाडी जिनिंगच्या फाटकापाशी लिंबाखाली उभी राहे. दार सताड उघडं. कापसाच्या भावाची येळ झाली की बापू रेडिओ लावत, आन् बैलगाड्यावाले दारापाशी जमा होत. म्हणत, ऐका बावा तुमच्या कानानं, नाही तं मंग म्हनसान सेठनं भाव दाबला.”

“आणि एरियल? तार कुठे होती?”

“तार नाही, काडी होती. बापू खिडकीतून बाहेर काढत आन् वरच्या पन्हाळीले अडकवत. गाडी चालू लागली की काढून ठेवत. मोडली तर मायच्या शिव्या कोन खाईन?”

टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला जी पन्हाळ असते, तिला अडकवायची एरियल. तिला भोक लागत नाही. मी गाडीला भोक शोधत बसलो होतो.

सलीमभाईंनी माळ्यावरून धुळीने भरलेला एक दोन पेट्यांचा सेट काढला. पुढच्या सीटच्या पाठीला लटकवायचा पत्राही त्याच्यासोबत होता. ताईंनी बटणावर बोट ठेवलं. ते हस्तिदंती रंगाचं होतं, मधे बारीक रेघ.

“हे बटन मी चाटलं हाये एकदा,” त्या म्हणाल्या. “गोड वाटलं होतं मले.”

“बहेनजी, तेच बटन नसन हे,” सलीमभाई म्हणाले.

“त्याची बहीन असन.”

धामणगावला परत आल्यावर मी पुढच्या सीटचं रेक्झिन मागून उसवलं. ते मधल्या काळात कधी तरी नवं चढवलेलं होतं. आत लोखंडी फ्रेमवर चार भोकं होती, आटे पाडलेली. सलीमभाईंचा पत्रा त्यांवर बरोबर बसला. सीटखाली गालिचा उचलला तर कापड गुंडाळलेली एक जाड वायर निघाली. ती मी पहिल्या दिवशीच पाहिली होती. मागच्या दिव्याची असेल म्हणून सोडून दिली होती. आमच्या धंद्यातला माणूस रेडिओ म्हटलं की डॅशबोर्डकडे जातो, कारण बहुतेक गाड्यांत आम्ही पुढेच बसतो.

बसवताना एक काळजी घ्यावी लागली. आज गाड्यांत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. या गाडीत उलटं होतं, पॉझिटिव्ह बॉडीला. सवयीने जोडला असता तर सेट धूर देऊन गेला असता. मी तीनदा तपासून जोडला. पहिल्या दिवशी नव्हतो तेवढा सावध मी आता झालो होतो.

विनायकरावांना मी फोन केला. म्हटलं, या. फोनवर सांगण्यासारखं नाही.

ते आले. ताईंनी त्यांना गाडीत मागे बसवलं आणि म्हणाल्या, “चप्पल काढ.”

“कशाला?”

“काढ म्हनलं न.”

विनायकरावांनी बूट काढले, मोजे काढले. ताईंनी बटण फिरवलं. पुढच्या सीटखालून गुणगुण सुरू झाली. मी दाराशी उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी ते हसले. मग पायांकडे पाहू लागले. मीडियम वेव्हवर आता फार काही लागत नाही, पण दुपारी नागपूर केंद्र अस्पष्ट लागलं. कुणी बाई शेतीचं काहीतरी सांगत होती.

“ताई, मला हे आठवत कसं नाही?”

“तू काय आठवशीन? तू पाळन्यात होता. तू चालाले लागला न लागला, बापूंनी काढला तो. बिघडला होता, सुधरवनारं कोनी भेटलं नाही.”

विनायकरावांनी तळवे गाडीच्या तळाला नीट टेकवले. मग म्हणाले, “अजून काय काय आहे तुझ्या लक्षात?”

“तू शाळेत जातो सांगून सरकीच्या ढिगावर झोपून राहे, ते हाये. माहं नाव सांगून मास्तरले चिठ्ठी देली होती, ते हाये. गॅस ईसरली, तेई ध्यानात हाये. ते कबूल.”

विनायकरावांनी खिशातून किल्ली काढली आणि ताईंच्या हातात दिली. घर विकलं नाही, गाडीही नाही, आणि ताई धामणगावातच राहिल्या. गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवलं, आणि शेजारची रुक्मिणी स्वयंपाकाला येते. ताईंचा थोडाफार घोळ होतो, हे खरं आहे. पण आता घरात त्यांचं वाक्य आधी ऐकतात आणि मग तपासतात. पूर्वी उलटं होतं.

पुढे अमरावतीच्या रॅलीत गाडी नेली. परीक्षकांनी डॅशबोर्डची कोरी पट्टी पाहिली, मागचा रेडिओ पाहिला आणि कारखान्याचं फिटिंग नाही म्हणून थोडे मार्क कापले. पहिला नंबर गेला. पण भुंगा ऐकायला दाराशी गर्दी झाली, जशी फाटकापाशी होत असेल तशी. शेवटी आयोजकांनी मला स्टेजवर बोलावलं. ‘काकांच्या पारखी नजरेने खरा रेडिओ शोधून काढला’ असं माईकवर सांगितलं. मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला. ताई खाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. माईक माझ्या हातात होता, दोन वाक्यांचं काम होतं. मी ‘आभारी आहे’ म्हणालो आणि खाली उतरलो.

तेव्हापासून मला जुन्या गाड्यांच्या रेडिओसाठी फोन येतात. प्रत्येक फोन मला त्या शेडमध्ये नेतो, जिथे मी मान हलवली होती.

परवा ती शाल घेऊन धामणगावला गेलो. म्हटलं, ही तुमची आहे.

ताईंनी ती हाताने चाचपून पाहिली. “धामनगावच्या गर्मीत शाल कोन पांघरते, भाऊ? ठेवा तुमच्यापाशीच. त्यापेक्षा खरं काय झालं ते लिहून काढा कुठी. नाही तं उद्या मीच ईसरून जाईन आन् तुमचंच खरं मानीन.”

तर असं आहे. रेडिओ सुलभाताईंनी निवडला. मी स्क्रू आवळले. हल्ली कुणी जुनी गाडी घेऊन आलं की बॉनेट उघडायच्या आधी मी एकच विचारतो, घरची माणसं कुठे बसायची? आणि मग मीही तिथे जाऊन बसतो, चप्पल काढून.