दुलमाबाईंच्या बातम्या

दुलमाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. सगळ्या तालुक्याला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच सगळा तालुका त्यांना सगळं सांगत असे.

त्या आमच्या शाळेच्या वसतिगृहाच्या बाई. वर्गात शिकवत नसत. आम्हा गुराख्यांच्या पोरांना सकाळी उठवायचं, रात्री निजवायचं, डोक्यातल्या उवा बघायच्या, भांडणं सोडवायची आणि सुटली नाहीत तर दोघांनाही एकेक रट्टा द्यायचा, हे त्यांचं काम. समोरचा एक दात सोन्याचा, डावा गुडघा कायम कुरकुरणारा, आणि दरारा असा, की टोकाच्या खोलीत कुणी अंथरुणात वाळलेल्या दह्याचा खडा चघळत असेल तर बाई दाराशी येऊन नुसतं ‘हं’ म्हणायच्या आणि चघळणं थांबायचं. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं याबद्दल चकार शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. दुसऱ्यांची लग्नं मात्र तोंडपाठ होती.

आता मी त्याच शाळेत शिकवते. आजच्या पोरांच्या खिशात फोन असतो. आईनं दुपारी काय शिजवलं त्याचा फोटो संध्याकाळी येतो आणि पोरं तो धड बघतही नाहीत. मला त्यांचा राग येतो. आम्हाला सप्टेंबरात ट्रकमधून उतरवून द्यायचे, आणि मग थेट फेब्रुवारीतल्या पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणापर्यंत घर म्हणजे दुलमाबाईंच्या तोंडून ऐकायची गोष्ट.

त्यांची बातम्या गोळा करायची रीत साधी होती. तालुक्याला कुणीही आलं, पिठाचं पोतं न्यायला, डॉक्टरकडे, पोस्टात, की त्याला वसतिगृहावरून जावंच लागे. बाई दारात उभ्याच असत. माणूस घोड्यावरून उतरायच्या आत विचारायच्या, “काय नवं, काय चांगलं?” मग त्याला आत घेऊन मिठाचा दुधाळ चहा पाजायच्या आणि त्याच्या डोंगरापलीकडची सगळी घरं त्याच्याकडून काढून घ्यायच्या. कोण कुठल्या दरीत हललं, कुणाची घोडी व्याली, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत मटणाचा रस्सा आणि त्यातल्या पिठाच्या पट्ट्या वाढून झाल्या, की बाई पळी हातात धरून उभ्या राहायच्या. आम्ही त्याला रेडिओ म्हणत असू.

“सोदनोमच्या घरी सगळं सुखरूप. आजीचा दात पडला. ती म्हणते बरं झालं, फार छळत होता. गालसान, तुझ्या घरी सगळं सुखरूप. तुझ्या काळ्या कुत्र्यानं लांडग्याला पळवलं. निदान तुझे आजोबा तरी तसं म्हणतात. कुत्र्याला विचारलेलं नाही.”

पोरं हसायची. ज्याच्या घरची बातमी असेल त्याचे कान लाल व्हायचे, आणि ज्याच्या घरची नसेल तो वाडग्यात बघत जेवायचा. घरून काही आलं नाही म्हणून रडायला लागलेल्या पहिलीतल्या पोरांना बाई सरळ थापा मारायच्या, हे आम्हाला मोठेपणी कळलं.

हा रेडिओ उलटाही चालायचा, आणि तो जास्त धोक्याचा. गालसाननं गोठलेल्या शेणाचा गोळा लाथाडून मुख्याध्यापकांच्या खिडकीची काच फोडली, तर सुट्टीत तो घरी पोचायच्या आधी डोंगरावर आजोबा छडी सोलून बसलेले. मला गणितात पाच गुण मिळाले, पाचपैकी पाच, तेही आईला पिठाच्या ट्रकवाल्याकडून कळलं. त्यानं ते वाटेतल्या सगळ्या तळांवर सांगितलं होतं. महिनाभर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आईला म्हणे, “काय, पोरगी पाचवाली म्हणे.” आई वरकरणी वैतागायची.

आमच्याकडे भेटल्यावर विचारायचं ते हेच, काय नवं, काय चांगलं. आणि उत्तरही ठरलेलं, सगळं सुखरूप. छप्पर उडालेलं असलं तरी आधी सुखरूप. मग चहा, मग तपकिरीची बाटली इकडून तिकडे, मग घरच्यानं पुन्हा विचारलं की खरं काय ते सांगायचं. विचारल्याशिवाय मात्र नाही. पाहुण्यानं स्वतःहून आपलं काम काढणं म्हणजे अगदीच गावंढळपणा. माझे बाबा, दांबा, या बाबतीत फारच सोवळे. एकदा आमचा बैल दलदलीत रुतला, तेव्हा ते शेजारच्या तळावर दोर मागायला गेले आणि तिथल्या म्हाताऱ्यानं विचारीपर्यंत तीन वाडगे चहा पीत बसले. बैल निघाला. आई अजून त्यावरून बोलते.

मी आठवीत होते त्या वर्षी झूद आला. उन्हाळ्यात गवत उगवलं नव्हतं, आणि हिवाळ्यात बर्फ पडला, वितळला, पुन्हा गोठला. त्या काचेखालचं गवत जनावरांना खुरांनी उकरता येईना. ती उभ्या उभ्या मरत होती. खिंडी बंद झाल्या, सणाला कुणालाच घरी जाता आलं नाही. मार्चमध्ये वाट जराशी मोकळी झाली आणि एकेका पोराचा बाप यायला लागला.

बाई सवयीनं विचारायच्या. बाप म्हणायचा, सगळं सुखरूप. चहा प्यायचा. बाई पुन्हा विचारायच्या, आणि मग तो सांगायचा, की जनावरं गेली, उरलेली राखायला घरात हात नाहीत, पोराला न्यायला आलोय. एकदा असं चारचौघांत बोलून झालं की तो शब्द झाला, मागे घेता येत नसे. त्यावर बाई काय बोलणार? गुपचूप पोराचं बोचकं बांधून द्यायच्या. आमच्या वर्गातली चार बाकं अशी रिकामी झाली. जाणारं प्रत्येक पोर म्हणायचं, पुढच्या वर्षी येतो. आलं कुणीच नाही.

चौथा गेला त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात एकट्याच पळीशी बोलल्यासारख्या बोलत होत्या. “आग लागो माझ्या तोंडाला. मीच विचारते.”

त्यानंतर बाबा आले. मी खिडकीशी होते. पुढे बाबांचा तांबडा घोडा, आणि मागे दोरीला बांधलेला पिवळट घोडा, त्याच्यावर माझं खोगीर. माझ्या खोलीतल्या मुलींनीही ते पाहिलं. एकीनं माझी चादर घडी करायला घेतली, आणि मी ती तिच्या हातातून ओढून घेतली.

बाई दारातच होत्या. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मागच्या खोगिराकडे पाहिलं.

“ये दांबा. घोडे मागच्या बाजूला बांध. चहा गरम आहे.”

बास. बाबा उतरून तसेच उभे राहिले. पायरी चुकल्यासारखे दिसत होते.

मी धावत निघाले तर बोळात बाईंनी माझं मनगट धरलं. “बापाला काही विचारायचं नाही. जनावरं कशी आहेत, आई कशी आहे, एक अक्षर नाही. कळलं?”

“आईचंही नाही?”

“आईचं तर मुळीच नाही. विचारलंस तर त्याला सांगावं लागेल. त्यानं सांगितलं तर तुला जावं लागेल. तुला जायचंय का, चिमगे?”

मला शिकायचं होतं. आणि बाबांचा गाल थंडीनं भाजून काळा पडलेला पाहिल्यावर मला घरी जायचं होतं. दोन्ही अगदी खरं होतं. मी नुसती मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते बाईंनीच ठरवलं.

बाबांनी चहा घेतला. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून बाईंच्या तोंडाकडे बघत बसले. बाईंनी उलट त्यांनाच बातम्या सांगितल्या. अख्ख्या तालुक्याच्या, शेजारच्या तालुक्याच्या, दहा वर्षांपूर्वीच्यासुद्धा. मध्ये श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा बाबांनी घसा खाकरला, तर बाई म्हणाल्या, “तुझा हात सुतारकामाला चांगला ना? आमचं पुढचं दार हिवाळाभर लागत नाही बघ. पोरं गारठतात.”

बाबांनी दार काढलं, तासलं, बसवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीतली डुगडुगणारी बाकं. मी शाळा सुटली की त्यांच्याजवळ बसून खिळे द्यायची.

“शाळा कशी चाललीय?” ते विचारायचे.

“बरी.”

 बाप-लेक शेजारी बसलेत आणि लेक आईचं नावही काढत नाही. बाबांनी दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल? मी पुढचा खिळा दिला.

संध्याकाळच्या रेडिओत बाई म्हणाल्या, “दांबा आलेत. दार लागतं आता. जो उघडं टाकेल त्याचे कान दारातच अडकवीन.” एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोन्ही घोड्यांवर खोगिरं चढवली आणि बाईंपुढे येऊन उभे राहिले. मी बाईंच्या मागे होते.

“बाई, तुम्ही मला काही विचारलं नाहीत.”

“नाही विचारलं.”

“बाकी सगळ्यांना विचारता.”

“बाकी सगळ्यांचं ऐकून घेतलं मी. आता बास झालं, दांबा. आता माझ्याच्यानं ऐकवणार नाही.”

बाईंचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. बाबा बराच वेळ त्या नव्यानं तासलेल्या दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून मायेनं हुंगलं, घोड्यावर बसले, आणि रिकाम्या खोगिराचा घोडा मागे ओढत निघून गेले. बाई आपल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी रेडिओ लागला नाही.

जूनमध्ये घरी गेले तेव्हा सगळं कळलं. दोनशेच्या कळपातल्या अकरा बकऱ्या आणि ते दोन घोडे उरले होते. बाबा बर्फात कळप शोधायला दूर जात, आणि घराजवळची मरतुकडी जनावरं वसंतभर आईनं एकटीनं सांभाळली होती. गेरच्या, म्हणजे आमच्या लोकरी तंबूच्या, भिंतीला एक आखूड कातडी कोट लटकत होता, दोन्ही काखांत उसवलेला.

“हा कुणाचा?”

“तुझाच,” आई शेगडीत वाळलं शेण घालत म्हणाली. “मेलेल्या करडांच्या कातड्यांचा शिवला, तुला बकऱ्यांमागे घालायला. चांगले दिवसचे दिवस शिवत बसले. आणि हे आपले रिकामं खोगीर घेऊन हजर. पोर कुठंय म्हटलं, तर म्हणे शाळेत. का, तर म्हणे कुणी विचारलंच नाही.” ती हसली. “माझा कोट तर जगलेल्या करडांच्या अंगावर टाकला होता. मग हाच उसवला आणि घातला. कंबर उघडीच राहायची बघ.”

“तू चिडलीस?”

“रडले. चिडून की बरं वाटून, ते नाही बाई ठाऊक.”

सप्टेंबरात मी ट्रकमधून उतरायच्या आत बाईंनी विचारलं, “काय नवं, काय चांगलं?”

मी सुखरूप म्हटलंच नाही. तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बकऱ्या, घोडे, कोट, आईची उघडी कंबर. बाई ऐकत राहिल्या. मग माझी पिशवी उचलून आत चालायला लागल्या.

तेव्हा वसतिगृहात राहायचं तर प्रत्येक घरानं पोराच्या वाट्याचं वर्षाचं मांस आणून द्यायचं असे. आमच्याकडे कापायला काही नव्हतंच. संध्याकाळी मी वाडगा घेऊन बसले, तर समोरून गालसान म्हणाला, “चिमगे तर हात हलवत आली. आणि वाडगा केवढा!” त्यात वाईट हेतू नव्हता, जीभच तशी. पण दोघं-तिघं हसले, आणि मी वाडगा खाली ठेवला.

बाई पळी घेऊन उभ्या राहिल्या. रेडिओ रोजच्यासारखा कुणाच्या तरी सुखरूपनं सुरू होईल असं सगळ्यांना वाटलं.

“चिमगेच्या घरी,” त्या म्हणाल्या, “सुखरूप नाही.” खोलीतले चमचे थांबले. “अकरा बकऱ्या उरल्यात. हिला शाळेतून काढणार होते. मी काढू दिलं नाही, आणि सहा महिने स्वतःवर खूश होते. हिची आई हिच्या मापाचा कोट काखेत उसवून अंगात घालत होती, आणि उघड्या कमरेनं वाऱ्यात उभी राहत होती, हे मला आज कळलं. तर या पोरीच्या वाट्याचं तिच्या आईनं वसंतातच भरलंय. यापुढे कुणी विचारायचं नाही. गालसान, वाढ तिला.”

गालसान उठला. बाईंनी पळी त्याच्या हातात दिली, बाहीनं डोळे पुसले, आणि मग पुढच्या घराची बातमी सांगायला लागल्या.