बीजेच्या कोरेला धागा

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो, तर पश्चिमेला बीजेची नाजूक कोर आणि तिला खेटून ठसठशीत शुक्र. शेजारच्या मालूताईंनी रीतीप्रमाणे पदराचा एक धागा ओढून चंद्राला वाहिला. "जुनं घे, नवं दे."

मग दुसरा ओढला. "हा शुक्राला. शेजारी बसलाय, त्याला वगळायचं कसं?"

"ताई, तो चंद्राच्या कितीतरी पलीकडे आहे."

"असेना! इथून शेजारीच दिसतो ना?"

एवढं अफाट आभाळ, पण मालूताईंनी ते आमच्या गच्चीला जोडूनच घेतलं होतं. मलाही राहवेना. बाहीचा धागा ओढला आणि थबकलो.

"पण माझा शर्ट नवाकोरा आहे."

"मग काय झालं? तो कुठे जवळ येऊन बघतोय!"