परग्रहावरचं जनावर

अंतराळातल्या एका सिनेमा-मालिकेचे आधीचे पाचही भाग मला पाठ आहेत. सहावा बघायला आरमोरीहून चंद्रपूरला निघालो, तर आई म्हणाली, "मले बी ने."

सिनेमाने माझा पार विरस केला. ज्या कप्तानासाठी मी तीन वर्षं थांबलो, तो परग्रहावरच्या जंगलात शिरून राक्षसाला नावाने हाका मारत सुटला. इतका बावळट तो आधी कधीच नव्हता.

आई मात्र ताठ होऊन बसली. आमच्याकडे मोहफुलं वेचताना कोणी वाघाचं नाव घेत नाही, 'जनावर' म्हणतात. नाव घेतलं की तो येतो.

"जंगलात नाव काऊन घेऊन राह्यला हा?" ती पडद्यावरच रागावली.

तेवढ्यात राक्षस आला. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सिनेमा तिनेच लिहिला होता.

परतीच्या बसमध्ये मी एकेक चूक काढत होतो आणि आई म्हणत होती, सगळं खरं दाखवलं. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं. मी तावातावाने राक्षसाचं नाव घेणार, तोच तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"इथी नाई."

मग आरमोरी येईपर्यंत मी त्याला जनावरच म्हणत राहिलो.