धनराजरावांचा मध

पंचवटीत आमच्या समोर राहणारे धनराजराव दूध संकलन केंद्रात तीस वर्षं फॅट मोजून निवृत्त झाले आणि २००३ साली त्यांनी दूधच सोडलं. गाईपासून तोडून बांधलेलं एक वासरू म्हणे डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दही गेलं, तूप गेलं आणि त्यांच्या बायकोचा, कमळाबाईंचा सकाळचा चहाही गेला. "कुणाचं हिसकावून खायचं नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. ते दिसले की मी मुद्दाम बासुंदीचा विषय काढायचो, खोटं कशाला बोलू!

दोन वर्षांनी त्यांनी घरी सत्यनारायण घातला. पंचामृतात नारळाचं दूध, शेंगदाण्याचं दही, तुपाऐवजी तिळाचं तेल. गुरुजींची समजूत मी घातली. कशी ते विचारू नका. पूजेच्या आदल्या दिवशी, बंगळूरहून आलेली त्यांची पुतणी मोहिनी सामान मांडता मांडता म्हणाली, "काका, मध कसा चालतो? तो माश्यांचाच ना?"

धनराजरावांचा चेहरा उतरला. मध म्हणजे फुलांचाच रस, माशी आपली हमाल, अशी त्यांची समजूत. खोकल्यावर रोज दोन चमचे चालू होते. कमळाबाई आत वाती वळत होत्या. ते माझ्या कानात म्हणाले, "हिला कळलं तर काय तोंड दाखवू? हिचा चहा बंद केला मी." आणि मला ओढत बाजारात घेऊन गेले.

हरसूलची कुसाबाई तिथे मध घेऊन बसायची.

"कुसाबाई, माश्यांना त्रास नाही ना होत?"

"धूर करतो आमचा मालक. उडून जात्यात."

"सगळ्या?"

"काही मरत्यात. अन् पोळं पिळताना आळ्याबी पिळल्या जात्यात. भाऊ, तुमाला काय आजच आठवलं?"

मला हसू आलं, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि गिळलं. कपाळावर घाम. परतताना तीनदा थांबले. "नाही सांगितलं तर?" म्हणाले. मी म्हटलं, "मग मी सांगेन. माझ्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला माहीत आहे."

घरी आल्यावर त्यांनी मधाची बाटली कमळाबाईंसमोर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वात वळायची थांबली नाही.

"मला ठाऊक होतं," कमळाबाई म्हणाल्या. "कुसाबाई पहिल्याच वर्षी बोलली होती."

"मग मला बोलली का नाहीस?"

"अहो, दुसऱ्या कशाने तुमचा खोकला थांबतो का?"

दुसऱ्या दिवशी पंचामृतात मधाच्या जागी काकवी होती. धनराजराव पूजेला बसले आणि दुसऱ्या अध्यायापासून त्यांना ढास लागली. गुरुजी थांबले. मोहिनी मान खाली घालून बसली. शेजारी बसलेल्या कमळाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि दर ढाशीला त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. मधाची बाटली तिथेच होती. ती फेकायला कोणी उठलं नव्हतं आणि आणायलाही नाही.