खांद्यावरचा हात

काल टीव्हीवर एक पोरगा नेत्याची नक्कल करत होता आणि तो नेता समोरच बसून टाळ्या वाजवत होता. लेक हसली, माझा खांदा जड झाला.

रिसोडच्या कॉलेजात मीही आमदारांची अशीच नक्कल करायचो, त्यांना पाडायचंच म्हणून. निवडणुकीत त्यांची जीप दारात थांबली, तेव्हा वाटलं, आता मार बसतो.

आमदार हसले. "पोट्ट्या, माह्या सभेत कर ना हे. पोरं जमतीन."

बाबा हात जोडून उभे होते. नाही कसं म्हणणार?

स्टेजवर मी त्यांचा खोकला, त्यांची खोटी आश्वासनं, सगळं केलं. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले, आणि त्यांचा अत्तर लावलेला हात माझ्या खांद्यावरून हललाच नाही.

पोरं मला ऐकायला आली आणि मत त्यांना देऊन गेली. माझं पहिलं मत द्यायला मीही त्यांच्याच जीपमधून गेलो, आणि बटणही त्यांचंच दाबलं.