बंदच्या दिवशीचा वडाभात

वेगळ्या विदर्भासाठी त्या दिवशी नागपूर बंद होतं. गांधीबागेतलं कापडाचं दुकान उघडलंच नाही, म्हणून सासरे दुपारी घरीच जेवायला बसले. शेजारी माझे वडील, कालच पुण्याहून आलेले.

"पुण्याची माणसं सारी मतलबी! आपला वाटा खाऊन राहिले," सासरे कडाडले.

वडाभातावर फोडणीचं तेल वाढता वाढता मी थांबले.

"तुले नाही म्हणून राहिलो वं. तू तर आता आपली झाली." मग वडिलांकडे वळून, "व्याहीबुवा, तुमचीही गोष्ट अलग आहे."

वडील मान खाली घालून भात कालवत राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मामंजी, पुण्याची आणखी कोणती माणसं ओळखता तुम्ही?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं.

"तुम्ही दोघंच," म्हणाले, आणि तेल मागितलं.