आप्पांच्या पापण्या

आमच्या वडगावात माणसाला बेवडा ठरवायला दारूची गरज नसते. माझे वडील, म्हणजे आप्पा, सकाळी मागापाशी उभे राहायचे तेव्हा त्यांचे डोळे लख्ख उघडे असायचे. दिवस कलला की वरच्या पापण्या खाली यायच्या. मग ते हनुवटी वर करून बघायचे. पाऊल चुकायचं, जीभही जड व्हायची. असा विणकर संध्याकाळी गल्लीतून घरी आला की त्याला काय झालंय हे सांगायला कुणाला डॉक्टर लागत नाही. बाकीच्यांचं सोडा, माझ्या आईलाही लागला नाही.

आप्पांनी दोनचारदा सांगून बघितलं, "डोळं दमत्यात गं, दुसरं काय न्हाय."

आई म्हणायची, "सगळ्यांचंच दमत्यात. सगळी अशी डुलत येत न्हाईत."

मग त्यांनी सांगणंच सोडलं.

खंडेनवमीला मागांची पूजा आमच्यात घरातल्या थोरल्याच्या हातानं होते. त्या वर्षी माग पुसण्यात दिवस गेला आणि पूजेला संध्याकाळ झाली. आईनं आरतीचं ताट आप्पांच्या हातातून काढून काकांकडं दिलं. "देवासमोर तरी नको," एवढंच म्हणाली. आप्पा भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही काकांच्या मागं उभं राहून आरती म्हटली.

पुढं त्यांना एकाचे दोन दिसायला लागले. तुटलेला धागा सांधता येईना, तेव्हा त्यांना बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. आईनं तिथंही आधीच सांगून टाकलं, "घेत्यात थोडी."

डॉक्टरीणबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. आप्पांना छताकडं बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापण्या खाली आल्या. मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून डाव्या पापणीवर धरला. थोड्या वेळानं काढला, तर डावा डोळा उघडा आणि उजवा तसाच अर्धा मिटलेला.

"नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही," बाई म्हणाल्या. "वापरला की स्नायू दमतो, विसाव्यानं आणि गारव्यानं थोडा सावरतो. म्हणून सकाळी बरे, संध्याकाळी असे. दारूचा संबंध नाही." नंतर रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. येताना आई बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली होती.

गोळ्यांनी पापण्या बऱ्याच वर राहू लागल्या. तरी बरेच दिवस आईला विषय काढायचा धीर झाला नाही. एका संध्याकाळी चहा देताना ती मध्येच थांबली. "अवो, वास कधीच आला न्हाय मला," ती म्हणाली. "एक दिवसबी न्हाय."

आप्पांनी कप खाली ठेवला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "त्यासाठीच रोज दारात आलो की तुझ्या तोंडाजवळ येऊन बोलत हुतो."